विंचवाचे बिऱ्हाड आणि चाकांवरचे घर

बदलीच्या नोकरीत उमेद घालविलेल्या माणसाला ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण कुणी समजावून सांगावी लागत नाही. गेल्या अकरा वर्षांत माझे बिऱ्हाड चार वेळा मालमोटारीच्या हौद्यात चढले आणि चार वेळा उतरले. दर खेपेस एखादी वस्तू फुटते, एखादी मागे राहून जाते. आणि नवल असे की, मागे राहिलेल्या वस्तूची महिन्याभराने आठवणही होत नाही. केंद्र सरकारच्या सेवेत परप्रांती असलेल्या माझ्या बहुतेक वाचकांचा अनुभव याहून निराळा नसावा.

सध्या माझा मुक्काम रायपुरात, तेलीबांध्याला आहे. येथील तलावाच्या काठचा फिरण्याचा रस्ता आता मुंबईच्या अनुकरणाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणून ओळखला जातो. १९०० साली सुरू झालेल्या रायपूर-धमतरी या अरुंद रुळांच्या गाडीचे स्थानकही तेलीबांध्याला होते. शहरातले ते रूळ आता उखडले गेले असून त्यांच्या जागी मोटारींचा द्रुतमार्ग झाला आहे. शेजारून नागपुराहून संबळपुराकडे जाणारा हमरस्ता जातो. थोडक्यात, हे ठिकाण जाणाऱ्या-येणाऱ्यांचे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय याच हमरस्त्यावर सुचला, म्हणून एवढा प्रपंच.

आमच्या कचेरीतून सेवानिवृत्त झालेल्या एका मराठी स्नेह्यांनी जुनी हलकी मालमोटार विकत घेतली आणि तिचा हौदा काढून टाकून त्या जागी राहते घर बांधण्यास आरंभ केला. दोन माणसांना निजण्यापुरती फळी, शेगडी, पाण्याची टाकी, पुस्तकांचे एक कपाट आणि कोपऱ्यात देव. हे घर घेऊन अमरकंटकापासून लडाखपर्यंत हिंडावे, असा त्यांचा मानस. कचेरीत या उद्योगाची पुष्कळ थट्टा झाली. “हे साहेबी खूळ आहे, आपल्याकडे असले कुणी कधी केले नाही,” असा निकाल बहुमताने दिला गेला. मीही त्या बहुमतात होतो, हे कबूल केले पाहिजे.

एका रविवारी त्या गाडीची पहिली चाचणी झाली. तेलीबांध्याहून निघून आरंगमार्गे सिरपूरला जावयाचे, असे ठरले. हमरस्त्यावर सारे सुरळीत होते. पण सिरपूरजवळ महानदीकडे उतरणाऱ्या खाचखळग्यांच्या गाडीवाटेवर घर करकरू लागले. पाहता पाहता खिडकीच्या चौकटीला चीर गेली. मागचे दार असे बसले की ते बाहेरून उघडेना आणि आतूनही उघडेना. आत पुस्तके सांभाळीत बसलेल्या मला शेवटी खिडकीतून बाहेर यावे लागले. सातव्या शतकातल्या लक्ष्मण मंदिराच्या विटा आजही जागच्या जागी आहेत, आणि आमचे दोन महिन्यांचे घर ऐंशी किलोमीटरांत मोडकळीस आले, हा विरोध स्नेह्यांच्याही नजरेतून सुटला नाही. परतताना ते फारसे बोलले नाहीत. तेलीबांध्याला उतरल्यावर मात्र म्हणाले, “अहो, आपल्या आधी कुणी ना कुणी हे केलेच असेल. त्यांनी कसे निभावले, ते तुम्ही जरा वाचून सांगा.” कारकुनाला असे काम सांगितले की तो ते टाळीत नाही.

वाचनाला लागल्यावर पहिला धक्का बसला तो असा की, चाकांवरचे घर घेऊन मुशाफिरीला निघालेल्या मंडळींची एक गाजलेली कादंबरी आपल्याच देशात घडते, आणि तिचा खलनायक मराठी आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८८० साली ‘वाफेचे घर’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. काळ १८६७ चा. वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरे ओढीत कलकत्त्याहून निघतो. एकात मालक मंडळी, दुसऱ्यात नोकरचाकर आणि स्वयंपाकघर. हा हत्ती मूळचा भूतानच्या राजासाठी बनविलेला; राजाच्या मृत्यूनंतर एका इंग्रज अभियंत्याने तो घेतला, अशी कल्पना आहे. प्रसंगी हे सारे लटांबर पाण्यावरही तरंगते. आणि या सुखवस्तू प्रवाशांच्या मागावर असतो तो रानावनांतून लपतछपत फिरणारा नानासाहेब पेशवा. शेवटी हत्तीचा स्फोट होतो आणि त्याच्यावर जखडलेला नानासाहेब त्यातच संपतो.

इतिहासाशी या शेवटाचा काही संबंध नाही. नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या तराईत गेले आणि पुढे त्यांचा ठावठिकाणा इतिहासाला नीटसा लागला नाही. परंतु कादंबरीतला एक भेद मनात राहतो. एका बाजूला घर बरोबर घेऊन निघालेले हौशी प्रवासी आहेत. दुसऱ्या बाजूला घर हरवल्यामुळे हिंडणारा माणूस आहे. दोघेही फिरस्तेच, पण एकाच्या फिरण्याला प्रवास म्हटले जाते आणि दुसऱ्याच्या फिरण्याला फरारी. हा भेद पुढेही आपल्याला भेटणार आहे.

व्हर्नची कल्पना अगदीच हवेतली नव्हती. इंग्रजी सैन्यातील क्रॉम्प्टन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील रस्त्यांवर वाफेच्या इंजिनाने गाड्या ओढण्याचा प्रयोग १८७० नंतरच्या काही वर्षांत सरकारी खर्चाने करून पाहिला होता. रबरी धावांच्या चाकांची ही इंजिने इंग्लंडात तयार झाली. त्यांपैकी ‘चिनाब’ हे पंजाबी नदीचे नाव धारण करणारे इंजिन १८७१ साली इप्सविचहून एडिंबरापर्यंत जाऊन परत आले. नुसत्या हौसेसाठी बांधलेले पहिले फिरते घर मात्र साधे घोड्यांचे होते. डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या गाडी-कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची अठरा फुटी गाडी बांधवून घेतली. तिचे वजन सुमारे दोन टन होते आणि ती ओढावयास दोन घोडे लागत. म्हणजे ‘साहेबी खूळ’ हा आमच्या कचेरीचा निकाल अर्धा बरोबर होता. हौस साहेबाची खरी; पण चाकांवरच्या संसाराची गरज त्याच्या पुष्कळ आधी आपल्याकडे होती.

‘आईन-ई-अकबरी’त अकबराच्या छावणीचे जे वर्णन आहे, त्यात एका मुक्कामाचे सामान हलविण्यास शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत, असा हिशेब दिला आहे. बादशहा एका मुक्कामी असतानाच तंबूंचा दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई. त्यामुळे त्याला रिकाम्या माळावर कधी उतरावे लागत नसे. हे फिरते घर नव्हे, फिरते शहरच म्हणावयाचे. शिवछत्रपतींच्या फौजेचे बळ नेमके याच्या उलट गोष्टीत होते: सडी स्वारी, थोडे सामान आणि वेग. पुढे मराठी फौजांनीही बादशाही थाट उचलला. पानिपतच्या वाटेवर लढणाऱ्यांच्या बरोबर न लढणाऱ्यांचा केवढा मोठा समुदाय होता, हे आपण शाळेतच वाचतो. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत ‘बुणगे’ हा शब्द कायमचा रूढ झाला. १७६१ च्या त्या पराभवाची कारणे अनेक. परंतु पाठीवरचे बिऱ्हाड जड झाले की विंचवाला पळता येत नाही आणि नांगीही मारता येत नाही, हे त्यांपैकी एक खचितच होते.

आमचा छत्तीसगडही याच छावण्यांच्या वाटेवर होता. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम १७४१ साली पूर्वेकडील स्वारीवर निघाले असता त्यांनी रतनपूर घेतले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तेथे राहून या मुलखाचा कारभार पाहत होते. येथील जुन्या मराठी घराण्यांचे पूर्वज बव्हंशी त्याच काळात पालातून उतरून वाड्यांत स्थिरावले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छावणीची जागा साहेबाच्या दौऱ्याने घेतली. हिवाळा लागला की जिल्ह्याचा अधिकारी तंबू, दप्तर आणि खानसामा घेऊन बैलगाड्यांनी गावोगाव फिरे. लोहमार्ग तेव्हा रायपूरला पोहोचला नव्हता. स्वामी विवेकानंद, म्हणजे त्या वेळचा चौदा वर्षांचा नरेंद्र, १८७७ साली वडिलांकडे रायपूरला आला तोही वाटेतली अरण्ये बैलगाडीने ओलांडून. दिवसचे दिवस गाडीतच काढलेला तो प्रवास म्हणजे एका कुटुंबाचे चाकांवरचे घरच होते.

साहेबाचे तंबू ज्या वर्षांत गावोगाव सन्मानाने उभे राहत होते, त्याच वर्षांत म्हणजे १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या धान्य, मीठ वा जनावरे घेऊन, किंवा खेळ करून, फिरत राहणाऱ्या कित्येक जमाती या कायद्याच्या आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांच्या कक्षेत आल्या. त्यांनी हजेरी द्यावी, परवान्यावाचून मुक्काम हलवू नये, अशी बंधने पडली. साहेब फिरला तर दौरा. लमाणाचा तांडा फिरला तर संशय. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. कायदा गेला तरी नजर लवकर जात नाही. हमरस्त्याच्या कडेला पाल ठोकून लोखंड ठोकणाऱ्या कुटुंबांना अजूनही दर दोन दिवसांनी उठविले जाते, हे तेलीबांध्याच्या परिसरात मी स्वतः पाहिले आहे.

मालमोटारीचे युग आले, तेव्हा चाकांवरचे घर पुन्हा आपल्याकडे अवतरले, आणि तेही हौशी माणसांमुळे नव्हे, तर पोटासाठी फिरणाऱ्या माणसांमुळे. १९५४ साली जमशेदपूरला टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधावयास घेतल्या. आपल्याकडची प्रथा अशी की, कारखान्यातून इंजिन आणि चाके लावलेला उघडा सांगाडा घ्यावा आणि त्यावर हौदा गावच्या सुताराकडून किंवा लोहाराकडून बांधून घ्यावा. या प्रथेमुळे आपल्या देशातील प्रत्येक मालमोटार थोडीबहुत मालकाच्या मनासारखी घडविलेली असते. महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांनी या सोयीचा केवढा उपयोग करून घेतला! सुगीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की गाडीत तंबू, पडदा आणि फिल्मचे डबे भरून ही मंडळी निघत. मोठा तंबू उभा करावयाचा, गाडीची पाठ त्याला लावावयाची, आणि गाडीतच पक्क्या बसविलेल्या यंत्रातून तंबूतल्या पडद्यावर चित्र पाडावयाचे. रात्री खेळ संपला की त्याच गाडीत किंवा तिच्या खाली अंथरूण पडे. सकाळी तिच्याच सावलीत चूल पेटे. एकच गाडी मालवाहू, यंत्रघर आणि राहते घर. तमाशाच्या मोठ्या फडांचेही असेच. दसऱ्यानंतर बाहेर पडलेला फड उन्हाळ्यापर्यंत गाड्यांवरच संसार करतो.

यंत्रे बदलली, फिल्म जाऊन संगणकी चित्र आले, घरोघर दूरदर्शन आणि हाती दूरध्वनी आले; जत्रेतले तंबू विरळ झाले. या मंडळींची अखेरची वर्षे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या अनुबोधपटात टिपून ठेवली. २०१६ साली कान येथील महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. ज्या गाड्या आपल्या जत्रांत आपण उभ्या जन्मात कौतुकाने पाहिल्या नाहीत, त्या फ्रान्समधील प्रेक्षकांनी पाहिल्या. खंत वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

चाकांवरच्या घराचे आणखी एक मराठी उदाहरण येथे सांगितले पाहिजे. १९८५ साली बाबा आमटे यांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी ‘भारत जोडो’ यात्रा काढली. बरोबरचे तरुण-तरुणी सायकलींवर होते. बाबांनी सत्तरी ओलांडलेली होती आणि पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसणेही अशक्य झाले होते. म्हणून त्यांनी तो सारा प्रवास वाहनातल्या अंथरुणावर पडून केला. त्या वाहनाला घर म्हणावयाचे ते चैनीमुळे नव्हे. माणसाची एकच अडचण नेमकी ओळखून, तेवढ्यापुरतीच सोय त्यात केलेली होती. मला वाटते, फिरत्या घराच्या बांधणीचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

हे सारे टिपण मी स्नेह्यांना वाचून दाखविले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे आपले चुकले कुठे?” उत्तर शहराबाहेरच्या एका वयस्क मिस्त्रीने दिले. त्याचा हिशेब सरळ होता. मालमोटारीची चासी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. ती एक शिडीच असते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले की ही शिडी पिळवटते. ती तशी पिळवटावी, अशीच तिची योजना असते. कारण त्यामुळेच चारही चाके जमीन धरून राहतात. हौद्यात गहू भरला असेल तर गव्हाला त्याचे काही वाटत नाही. परंतु पेटीसारखे ताठ घर त्या शिडीवर बोल्टांनी घट्ट आवळले, तर पीळ घरात शिरतो; मग दारे बसतात आणि चौकटी तडकतात. उपाय तिवईचा. चार पायांचे स्टूल उंचसखल जमिनीवर डुगडुगते, तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. घराखाली वेगळी चौकट करावयाची, तिला मागे दोन आधार द्यावयाचे आणि पुढे मधोमध एकच, तोही फिरता. खाली शिडी कितीही पिळवटली तरी वरची पेटी मग सरळ राहते.

यानंतर वजनाची पाळी आली. गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पुढची चाके, मग मागची, असे वेगवेगळे वजन घेतले. मागच्या आसाच्या पलीकडे, अगदी शेपटीला, तीनशे लिटरांची पाण्याची टाकी बसविलेली होती. म्हणजे तीनशे किलो वजन तरफेसारखे गाडीची पुढची बाजू उचलीत होते. सुकाणू हलके का लागत होते, याचा तेव्हा उलगडा झाला. ती टाकी काढली आणि निम्म्या मापाची नवी टाकी दोन्ही आसांच्या मधे, खाली बसविली. भरगच्च मालासाठी घडविलेले कमानपाटे या घराला फार कडक पडत होते. ते मिस्त्रीने वजन पाहून बदलले. छताला उष्णतारोधक थर दिला. कारण रायपूरच्या मे महिन्यात पत्र्याचे छत म्हणजे तापलेला तवा. दर चाचणीनंतर काहीतरी उतरे: लोखंडी कपाट गेले, जड सागवानी फळ्या जाऊन हलक्या आल्या, पुस्तके चाळीसांची बारा झाली. देवांना मात्र कुणी हलविले नाही. त्यांचे वजन होते एकशे दहा ग्रॅम.

शेवटचा मुक्काम कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला मनास येईल तसा करता येत नाही. अशा फिरत्या घरांसाठी वेगळी मानकेही आता आहेत. आधी नियम वाचून मग बांधावयास घेतले असते, तर आमचे निम्मे कष्ट वाचले असते. पण सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या दोघांना ही गोष्ट सर्वांत शेवटी सुचली! परवानगीचा कागद निरनिराळ्या टेबलांवरून फिरून येण्यास सात महिने लागले. तेवढ्या काळात ‘वाँडरर’चे दोन घोडे कुठल्या कुठे पोहोचले असते. स्नेह्यांना त्याचे काही वाटले नाही. फायलीचे बिऱ्हाडही पाठीवरच असते, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरच्या घराला राजमान्यता मिळाली, याचा आनंद आहे. परंतु त्या धोरणाच्या स्वागताच्या गर्दीत जत्रेतल्या गाडीची आठवण कुणी काढल्याचे माझ्या वाचनात आले नाही. ज्यांनी आपल्याकडे मालमोटारीत प्रथम संसार मांडला, ज्यांनी ठेचा खाऊन जड काय आणि हलके काय हे शिकून घेतले, त्यांच्या गाड्या भंगाराच्या बाजारात गेल्या. रस्त्याच्या कडेच्या पालातल्या माणसाला अजूनही उठविले जाते. आमच्या स्नेह्यांच्या गाडीकडे पाहून मात्र लोक थांबतात, कौतुक करतात, आत डोकावून चहा घेतात. घर तेच, चाके तीच. फरक एवढाच की, एकाजवळ परत जाण्यासाठी दुसरे घर आहे.

या हिवाळ्यात ती गाडी दुसऱ्यांदा सिरपूरला गेली. या वेळी मागचे दार उघडले आणि बंदही झाले. महानदीच्या काठी चहा करून आम्ही परत फिरलो. वाटेत त्या पालांपाशी गाडीचा एक सैल बोल्ट आवळून घेण्यासाठी थांबावे लागले. पालातल्या म्हाताऱ्या लोहाराने गाडीखाली वाकून तिवई पाहिली, बोल्ट आवळला आणि आपल्या जुन्या बैलगाडीकडे बोट दाखविले. तिच्याही साट्याचा पुढचा आधार एकच होता. त्याने पैसे घेतले नाहीत. स्नेह्यांनी त्याला घरात बोलावून चहा दिला. त्याने सगळे घर निरखून पाहिले आणि एकच गोष्ट विचारली: इतकी पुस्तके कशाला?

लवकरच माझी पाचवी बदली होईल. त्या वेळी सामान मालमोटारीत चढविण्यापूर्वी ते एकदा काट्यावर नेण्याचे मी ठरविले आहे.